सायकलसाठी रेनकोट निवडताना नेमके काय पाहावे?

ओलाचिंब:
मी रोज कामावर जाताना ९ किलोमीटर आणि परतताना तेवढीच सायकल चालवतो. पाऊस असला तरी शक्यतो खंड पाडत नाही. आतापर्यंत मोटरसायकलवाले घालतात तसला, आतून रबरासारखा लेप असलेला जाड रेनकोट वापरत आलो आहे. परंतु पोहोचल्यावर तो काढतो तेव्हा आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला असतो. रेनकोट गळत असावा अशी शंका आल्याने मी एका बाहीचे टोक दोरीने घट्ट बांधले, तिच्यात तांब्याभर पाणी ओतले आणि रात्रभर ती टांगून ठेवली. सकाळी खाली एक थेंबही पडलेला नव्हता. आता खास सायकलसाठीचे जॅकेट घेण्याचा विचार आहे, पण लेबलवरील १०,००० मिमी, १५,००० ग्रॅम या आकड्यांचा अर्थ लागत नाही. शिवाय पँट आणि बुटांसाठी वेगळी सोय करावी का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

गिअरबदलू:
तुमच्या बाहीच्या प्रयोगातच उत्तर आहे. रबरी लेपाचे जे कापड पाणी बाहेर जाऊ देत नाही ते घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही, आणि जोर लावून सायकल चालवताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो.

आता आकड्यांविषयी. मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार झिरपत नाही याचे माप. १०,००० मिमी म्हणजे १० मीटरचा स्तंभ, आणि सायकलवरच्या पावसाला तो पुरेसा आहे. त्याहून अधिक क्षमता उपयोगी पडते ती मुख्यतः पाठीवरच्या बॅगेचे पट्टे कापड दाबून धरतात तिथे. ग्रॅमचा आकडा सांगतो की एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती बाष्प बाहेर पडू शकते. १५,००० म्हणजे तासाला साधारण ६२५ ग्रॅम, जे कागदावर उत्तम दिसते. मात्र हे माप काढण्याच्या पद्धती अनेक आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करण्यात अर्थ नसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा बाष्प बरेच जास्त असेल तरच ते कापडातून बाहेर ढकलले जाते. हवा उबदार आणि आधीच दमट असेल तर हा फरक फार थोडा उरतो, आणि महागडे कापडही तुमच्या जुन्या रेनकोटासारखेच वागू लागते.

म्हणून मी आकड्यांपेक्षा हवा खेळण्याच्या जागा आधी पाहतो: काखेत झिप आहे का, पाठीवर झडपेखाली जाळी आहे का, मनगटाशी बाही सैल करता येते का. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, नाही तर सुईच्या छिद्रांतून पाणी येतेच. जॅकेट आरशासमोर ताठ उभे राहून घालून पाहू नका. हँडल धरल्यासारखे वाका, आणि तरीही कंबर झाकली जात असेल व बाह्या मनगटापर्यंत पोहोचत असतील तरच ते घ्या. हुड असल्यास हेल्मेटसह मान वळवून मागे पाहा. मान वळली आणि हुड जागेवरच राहिला, तर मागून येणाऱ्या वाहनाऐवजी तुम्हाला अस्तर दिसेल.

संथगती:
वरील सर्व मान्य आहे, परंतु जॅकेटच्या आधी मडगार्ड पाहावेत असे माझे मत आहे. पाऊस वरून पडतो, पण चिखलाचे पाणी चाकावरून थेट पाठीवर आणि पायांवर उडते. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि पुढच्या मडगार्डाच्या टोकाला रस्त्यालगत येणारी रबरी झडप एवढे असले, तर बुटांचा निम्मा प्रश्न सुटतो.

घामाचा इतका त्रास असेल तर केपचाही, म्हणजे बाह्या नसलेल्या सैल रेनकोटाचाही, विचार करावा. ती हँडलवर तंबूसारखी पसरते आणि खालून हवा मोकळी खेळते. आत अंगठे अडकवण्यासाठी फासे आणि कमरेला बांधायची पट्टी असलेलीच घ्यावी. हँडलवरचा दिवा मात्र तिच्याखाली झाकला जातो. मी तो काढून पुढच्या चाकाच्या वर, फोर्कपाशी बसवला आहे.

गिअरबदलू:
संथ गतीच्या शहरी फेरीसाठी केप ठीक आहे. वाऱ्यात मात्र तिचे शीड होते. आडव्या वाऱ्यात मी ती एकदाच वापरली आणि उरलेले अंतर सायकल हातात धरून चाललो.

ओलाचिंब:
माझ्या सायकलला मागे वीतभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा आहे, त्यालाच मी मडगार्ड समजत होतो. हवा उबदार असताना पँट न घालता हाफपँटवर गेले तर चालेल का?

सुकीमोजे:
चालेलच नव्हे, मी तेच सुचवीन. कातडी कापडापेक्षा लवकर वाळते. कोरडे कपडे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगेत ठेवावेत आणि अंगात सुती बनियन घालू नये, कारण सुती कापड पाणी धरून ठेवते. थंडीत हिशेब उलटा होतो: ओल आणि वारा मिळून शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेतात, तेव्हा पँट आणि हातमोजे दोन्ही हवेत. हात बधिर झाले की ब्रेक नीट दाबले जात नाहीत, आणि ओल्या रिमवर ते तसेही उशिरा लागतात.

बुटांवरच्या आवरणाबाबत बहुतेकांची एक चूक होते. पँटचे खालचे टोक त्यात खोचले, तर पोटरीवरून ओघळणारे पाणी थेट बुटात उतरते. पँट नेहमी आवरणाच्या बाहेरून खाली सोडावी आणि घोट्याशी पट्टीने बांधावी. ती पट्टी प्रकाश परावर्तित करणारी असेल तर उत्तम. पेडलबरोबर वरखाली होत असल्याने चालकांच्या नजरेत ती चटकन भरते.

नवे जॅकेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नका. पाण्याचे थेंब कापडावर मोत्यासारखे घरंगळण्याऐवजी पसरून गडद डाग पडू लागले, तर वरचा जलरोधी थर थकला असे समजावे. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरच्या मंद उष्णतेने तो बहुधा पुन्हा जागा होतो. तरीही डाग पडत राहिले तर तो थर देणारा फवारा मिळतो, तो धुतलेल्या जॅकेटवरच मारावा.