इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा अ‍ॅम्प विकत आणायचाच कशाला?

नौपाडा नॉइज (धागाकर्ता)

मत आधीच सांगून टाकतो. हेडफोन विकत घ्या, पण त्याचा अ‍ॅम्प घरी बांधा. बाजारातला मोठा अ‍ॅम्प म्हणजे लाखांची बात, आणि छोटा म्हणजे मन मारणं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. या हेडफोनमध्ये कॉइल नाही, चुंबक नाही. एक-दोन मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पडदा दोन जाळीदार प्लेटांच्या मध्ये ताणलेला असतो. पडद्यावर ५८० व्होल्टचा कायमचा बायस, म्हणजे न बदलणारं व्होल्टेज. प्लेटांना उलटसुलट सिग्नल दिला की एक ओढते, दुसरी ढकलते. हा सिग्नल शेकडो व्होल्टचा लागतो, त्यामुळे मोबाइलचा जॅक इथे कामाचा नाही. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये पहिला असा हेडफोन विकला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

माझ्याकडे स्टॅक्सचा एसआर-एल३०० आहे. मित्राचा एसआरएम-२५२एस, म्हणजे स्टॅक्सचाच छोटा अ‍ॅम्प, महिनाभर आणून ऐकला. बारा व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारी डबी. बरी आहे. मग केविन गिलमोर यांच्या खुल्या आराखड्यावरून स्वतःचा बांधला, अधिक-उणे ४०० व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर वागळे इस्टेटमध्ये वाइंड करून घेतला, हीटसिंक भंगारातून. बायसचा भाग मात्र स्वतःच्या डोक्याने केला. आठ महिने गेले, पैसेही बरेच गेले, पण डबीशेजारी ठेवून ऐकला आणि फरक पहिल्या सेकंदात कळला. आवाज मोकळा, भरदार, अंगावर येणारा.

एकच कुरबुर आहे. मोठा ढोल वाजला की उजव्या कानात 'फट्' होतं. ठाण्याचा जुलै, भिंतींना ओल, त्यामुळे असेल. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवतोय.

महापेचा मिस्त्री

अभिनंदन, पण धाग्याच्या मताला माझा साफ विरोध. रोज पॉवर सप्लायच दुरुस्त करतो, म्हणून बोलतो.

तुमच्या सप्लायमध्ये ४७० मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे, वीज साठवणारे कॅपॅसिटर असतील. पूर्ण भरलेल्या एकात ४७ जूलच्या आसपास ऊर्जा असते. बटण बंद केलं म्हणून ती कुठे जात नाही. ती हळूहळू रिकामी करणारा ब्लीडर रेझिस्टर लावलाय का? 'घरी बांधा' असं चारचौघांत सांगताना ही ओळ पहिली यायला हवी होती. तुमच्या लेखात ती आलीच नाही.

आता गरजेचं बोलू. एल३०० ला १०० व्होल्ट दिले की १०१ डेसिबल मिळतात. २५२एस जास्तीत जास्त २८० व्होल्ट देतो, म्हणजे ११० डेसिबल. नौपाड्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री एवढ्या आवाजात कोण ऐकतं? तुमचा राक्षस ५०० देत असेल, तर वर ५ डेसिबल. त्यासाठी आठ महिने?

खाडीपलीकडचा

मी वाशीचा, दोघांच्याही विरोधात. जुना स्पीकर अ‍ॅम्प घरात पडलेला असेल तर एसआरडी-७ सारखा ट्रान्सफॉर्मरचा डबा शोधा, स्पीकरच्या तारा त्यात खुपसा, झालं. चाळीस वर्षं टिकलेली चीज आहे. फक्त जुन्यांत २३० व्होल्टचा बायस असतो, त्यावर आजचा हेडफोन ८ डेसिबलने हळू वाजतो. ५८० वाला बघून घ्या.

नौपाडा नॉइज

@मिस्त्री, ब्लीडर लावलाय. बंद केल्यावर पाच मिनिटं थांबतो, मोजतो, मगच हात घालतो, आणि तोही एकच. लिहायला हवं होतं, मान्य.

पण डेसिबलचा हिशेब अर्धाच झाला. हा हेडफोन केबलसकट साधारण ११० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर आहे. १ किलोहर्ट्झला तो अ‍ॅम्पकडून जवळजवळ काहीच मागत नाही, पण २० किलोहर्ट्झला ४०० व्होल्टचं शिखर गाठायचं तर साडेपाच मिलिअँपियर लागतात. चार वॉटवर चालणारी डबी ते आणणार कुठून? वरच्या पट्टीत तिचा दम तिथेच तुटतो. केबल लांबवली तर अजूनच.

@खाडीपलीकडचा, तुमचा ट्रान्सफॉर्मर खर्जात गुदमरतो. जाऊ दे.

महापेचा मिस्त्री

गणित बरोबर, गृहीतक चूक. २० किलोहर्ट्झला ४०० व्होल्ट मागणारं संगीत कुठलं? झांजांची वरची टोकंसुद्धा मुख्य आवाजापेक्षा कितीतरी खाली असतात. तिथे ४० व्होल्ट धरा, म्हणजे अर्धा मिलिअँपियर.

पण ते बाजूला ठेवा. मला तुमचा 'फट्' खटकतोय. बायस कुठे मोजला, आणि कशाने?

नौपाडा नॉइज

सॉकेटच्या बायसच्या पिनवर, साध्या डिजिटल मल्टिमीटरने. पहिल्यांदा ३९५ दाखवत होता. प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचा जुळवणीचा छोटा स्क्रू, फिरवून बरोबर ५८० वर आणला.

महापेचा मिस्त्री

अरे देवा.

त्या पिनच्या आधी मालिकेत ४.७ मेगओहमचा रेझिस्टर आहे ना? तुमचा मीटर स्वतः १० मेगओहमचा. म्हणजे तुम्ही व्होल्टेज मोजत नव्हता, ते दोघांत वाटून घेत होता. ५८० ला १० ने गुणा, १४.७ ने भागा. बरोबर ३९५ येतात! पहिल्या दिवशी तुमचा बायस अगदी नीट होता. नंतर तुम्ही तो ५८० 'दिसेपर्यंत' चढवलात. आता पिनवर खरे ८५० व्होल्ट आहेत.

पाऊस-बिऊस काही नाही. पडदा प्लेटेला चिकटून सुटतोय. हेडफोन आत्ता काढून ठेवा. रेझिस्टरच्या अलीकडच्या, म्हणजे सप्लायकडच्या, टोकाला मोजा, मीटर आणि त्याच्या तारा दोन्ही १००० व्होल्टच्या असतील तरच.

जवारी

मी गाणं शिकते, सर्किटमधलं कळत नाही. हे बायस जास्त असल्यामुळेच आवाज 'भरदार' वाटला, असं असू शकतं का?

महापेचा मिस्त्री

ताई, नेमकं तेच! आवाज बायसच्या प्रमाणात वाढतो. ५८० चे ८५० म्हणजे ३.३ डेसिबल जास्त. शेजारी ठेवून ऐकताना जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमीच सरस वाटतो. व्हॉल्यूमची मूठ सारख्या जागी ठेवली तरी उपयोग नाही, दोन अ‍ॅम्पचा गेनही, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतात तेही, वेगळा असतो. नॉइजरावांनी आठ महिने बांधलेल्या अ‍ॅम्पची नाही, एका प्रीसेटची तारीफ केली.

नौपाडा नॉइज

दोन दिवसांनी लिहितोय. रेझिस्टरच्या अलीकडे ८४२ निघाले. कान धरले.

५८० वर आणला. 'फट्' गेला. उजवा पडदा वाचलाय असं वाटतंय, दोन्ही बाजू सारख्या वाजतात. मित्राची डबी पुन्हा आणली, या वेळी दोन्हींचा आवाज जुळवून ऐकलं. म्हणजे एकाच टोनवर दोघांच्या प्लेटांवरचं व्होल्टेज मोजून समान केलं, मीटरच्या तारा काढल्या आणि मग हेडफोन लावला.

आता प्रामाणिकपणे सांगतो. तरुण आवाजाचा ख्याल, तबला, पेटी यांत फरक सांगता आला नाही. बायकोला न सांगता अदलाबदल केली, तिलाही नाही. तानपुऱ्याच्या जवारीत मला अजूनही काहीतरी वेगळं ऐकू येतं, पण तेव्हा कुठला अ‍ॅम्प चालू आहे हे मला ठाऊक होतं. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या उसळीत माझा अ‍ॅम्प निवांत राहतो, यावर मात्र ठाम आहे.

धाग्याचं मत बदलत नाही. बांधाच.

खाडीपलीकडचा

हे म्हणजे पडलो तरी नाक वर! ८५० व्होल्ट डोक्याला लावून बसला होतात.

नौपाडा नॉइज

तो ४.७ मेगओहम मध्ये असतो तो त्यासाठीच. बायसच्या तारेतून मायक्रोअँपियरपुढे काही येऊ शकत नाही. खरी भीती प्लेटांच्या तारांची, आणि तिथे मी आऊटपुटला रेझिस्टर घातलेत. शिवाय विकतचा घेतला असता तर बायस म्हणजे काय हे मला जन्मात कळलं नसतं.

महापेचा मिस्त्री

शिकायला बांधा, माझी ना नाही. ऐकायला बांधा म्हणता तिथे अडतो. आणि हाय व्होल्टेजचे ट्रान्झिस्टर कुठून घेतले? जुन्या आराखड्यातले कित्येक नंबर आता बनतच नाहीत, बाजारात नकली भरलेत.

नौपाडा नॉइज

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा पहिला संच चालू करताच फुटला. एक फोडून पाहिला, आतली चिप तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मग चालू उत्पादनातले पर्यायी नंबर परवानाधारक वितरकाकडून मागवले.

जवारी

मला साधं उत्तर द्या. खारघरला राहते, रियाझाची रेकॉर्डिंग ऐकायची आहेत, सोल्डरिंग येत नाही. काय घेऊ?

महापेचा मिस्त्री

वापरलेली छोटी डबी. जपानहून आली असेल तर फक्त अ‍ॅडाप्टर बदलावा लागेल, त्यांच्याकडे घरात १०० व्होल्ट असतात. मोठा जपानी अ‍ॅम्प चुकून थेट २३० मध्ये खुपसू नका. आणि पावसाळ्यात हेडफोन हवाबंद डब्यात ठेवा. ओलीने पडद्याचा चार्ज गळतो, एक कान हळू वाजू लागतो. पावसाचा दोष एवढाच.

नौपाडा नॉइज

ताई, डबी घेण्याआधी रविवारी नौपाड्यात या, दोन्हींवर तुमचंच रेकॉर्डिंग ऐका. कुठला अ‍ॅम्प चालू आहे ते सांगणार नाही. @मिस्त्री, तुम्हीही या. येताना तुमचा चांगला मीटर आणा.

महापेचा मिस्त्री

येतो. अदलाबदल मी करणार, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसायचं.