विषय: ट्रेलरमध्ये आईसाठी हँडरेल बसवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून येताहेत. जूनमध्ये आमच्या ट्रेलरमधून (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) सगळ्यांनी यलोस्टोनला जायचं ठरलंय. ट्रेलर सेकंडहँड आहे, भिंती बाहेरून फायबरग्लासच्या. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट जमिनीवर ती छान चालते, पण पायरीवर हाताला आधार लागतोच. दारातली दुमडती पायरी अरुंद, त्यात आई रोज साडी नेसणारी. बाथरूममध्ये तर धरायला काहीच नाही. गेल्या वर्षी सासूबाईंनी उठताना टॉवेलचा दांडा धरला आणि तो स्क्रूसकट उपटून हातात आला. त्या पुन्हा कमोडवरच टेकल्या म्हणून निभावलं.

दुकानात व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे मिळतात, ते चालतील का? लेक म्हणतोय की लायब्ररीतल्या थ्रीडी प्रिंटरवर हवा तसा दांडा छापून देतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आपली,
सॅक्रामेंटोहून

---

पुन: ट्रेलरमध्ये आईसाठी हँडरेल बसवायचे आहेत

ताई, नमस्कार.

माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं आणि निवृत्तीनंतर आमच्या आरव्हीतले (राहायची सोय असलेल्या गाडीतले) बरेच भाग मी घरीच बनवले, म्हणून लिहितो.

टॉवेलचा दांडा निघाला यात नवल नाही. अशा भिंतीचा आतला थर साधारण ३ मिलिमीटरचा प्लाय असतो. त्यामागे थर्मोकोल आणि मग बाहेरचं फायबरग्लास. मधून अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा गेलेला असतो, काही ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांचा. स्क्रू त्या सांगाड्यात गेला तर धरतो, नाहीतर तो नुसत्या प्लायमध्ये असतो. दांडा कितीही महागाचा आणा, मागे काय आहे यावरच सगळं ठरतं. तेव्हा खरेदीच्या आधी सांगाडा शोधा. अ‍ॅल्युमिनिअमला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती युक्ती इथे उपयोगाची नाही. स्टडफाइंडर फिरवा, बोटाने ठोकून आवाज ऐका, आणि ट्रेलरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) देऊन बनवणाऱ्या कंपनीकडे सांगाड्याचं ड्रॉइंग मागून बघा. मागितल्यावर पुष्कळदा देतात.

बाथरूमचं काम त्यामानाने सोपं निघू शकतं. कमोडशेजारच्या पार्टिशनच्या पलीकडे कपड्यांचं कपाट आहे का पाहा. असेल तर स्क्रू वापरूच नका. पाव इंची स्टेनलेस बोल्ट आरपार घाला आणि कपाटाच्या बाजूला फूटभर लांब, १२ मिलिमीटर जाड प्लायची पट्टी ठेवून तिच्यावर मोठे वॉशर आणि नायलॉनवाले नट आवळा. मग ओढ एका भोकावर न येता सगळ्या पट्टीवर पसरते. साधे नट रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिले होतात. ड्रिल लावण्यापूर्वी बाहेरची वीज काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि कपाटातून एक छोटं भोक पाडून आत कॅमेरा घालून बघा. त्याच भिंतीतून वायरी आणि पाण्याचे पाइप जातात.

आता थ्रीडी प्रिंटर. दांडा छापू नका. छापलेली वस्तू थरांवर थर बसून होते आणि ओढ आली की थरांच्या सांध्यात तुटते. ज्या भागावर आईचं वजन येणार तो धातूचाच हवा. पण लेकाचा उत्साह वाया घालवू नका, त्याच्यासाठी खरं काम आहे. शॉवरची फायबरग्लासची भिंत साच्यातून सुटावी म्हणून किंचित तिरकी असते. त्यामुळे दांड्याच्या टोकाची, भिंतीवर बसणारी चकती एका कडेला टेकते, दुसऱ्या कडेला फट राहते, आणि बोल्ट आवळला की भिंतीला तडा जातो. तिथे पाचरीसारखा स्पेसर लागतो, तो बाजारात तयार मिळणं कठीण. कोन मोजून तो छापा, पूर्ण भरीव. त्याच्यावर फक्त दाब येतो, ओढ येत नाही, म्हणून चालतं. मटेरिअल मात्र पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) नको, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद ट्रेलरमध्ये भरवसा नाही. एएसए नावाचं प्लॅस्टिक घ्या. ते १०० अंशांच्या आसपास टिकतं आणि उन्हाने ठिसूळ होत नाही. प्रिंटरवर एएसए चालत नसेल तर स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लॅस्टिकचा कटिंग बोर्ड करवतीने कापून रंध्याने तिरका करा. एचडीपीई प्लॅस्टिकचा असेल तर त्याला पाणी लागत नाही.

---

पुन: पुन: ट्रेलरमध्ये आईसाठी हँडरेल बसवायचे आहेत

काकांनी भिंतीचं सांगितलं, मी हाताचं सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

व्हॅक्यूमचा दांडा अजिबात नको. तो कधी सुटेल हे धरणाऱ्याला कळत नाही, आणि पोत असलेल्या फायबरग्लासवर तो नीट बसतही नाही.

मापांसाठी सार्वजनिक इमारतींचा एडीए (अमेरिकेतला अपंगांच्या सोयींचा कायदा) नियम डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्या ट्रेलरला तो लागू नाही, पण मापं विचार करून ठरवलेली आहेत. दांड्याची जाडी १.२५ ते २ इंच, भिंतीपासून अंतर १.५ इंच, भार २५० पौंड. अंतर जास्त ठेवलं तर हात घसरून कोपरापर्यंत आत जातो आणि अडकतो. जाडी १.२५ इंचच घ्या, आपल्या आयांची मूठ लहान असते. जमिनीपासून ३३ ते ३६ इंच ही उंची नियमात आहे, पण तुमची आई एकच आहे, तेव्हा तिच्यासाठीच बसवा. ती आल्यावर तिला कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जाईल तिथे मास्किंग टेप लावा. दारात उभा दांडा हवा, चढताना मूठ वर सरकवता येते. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा रात्री दिसत नाही, म्हणून गडद रंगाचा घ्या.

आणि आईंना आधीच शिकवा: चढताना डावा, म्हणजे चांगला पाय आधी. उतरताना तोंड ट्रेलरकडे, पाठ बाहेर करून, शिडी उतरतो तसं, ऑपरेशनचा पाय आधी खाली. निऱ्या एका हातात धरायची सवय असते, त्यामुळे दांड्यासाठी एकच हात उरतो. साडी थोडी वर नेसली तर दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्या आईला मी हेच सांगते आणि ती ऐकते, कारण पडायची भीती तिलाही आहे.

---

पुन: पुन: पुन: ट्रेलरमध्ये आईसाठी हँडरेल बसवायचे आहेत

काका, ताई, मनापासून आभार. कमोडच्या मागे खरंच कपाट निघालं! लेकाने कोन मोजून स्पेसर काढायला घेतलाय. दांड्याची जागा आई आल्यावरच ठरवू. एकच शंका: दाराबाहेरचा दुमडता दांडा बाहेरच्या भिंतीवर बसवायचा, तिथे आरपार बोल्ट टाकले तर पावसाचं पाणी आत जाईल ना?

---

पुन: पुन: पुन: पुन: ट्रेलरमध्ये आईसाठी हँडरेल बसवायचे आहेत

जाईल, म्हणून प्रत्येक भोक सील करायचं. चकतीखाली ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, बोल्ट आवळल्यावर ती कडेने बाहेर येईल, जास्तीची कापून टाका. सिलिकॉन लावू नका, पुढे कधी दुरुस्ती निघाली तर त्यावर दुसरं काही चिकटत नाही. पाणी आत शिरलं की प्लाय कुजतो, भिंतीचे थर सुटतात आणि मग त्याच बोल्टांना धरायला काही उरत नाही. दाराच्या चौकटीशेजारी सांगाड्याची नळी बहुधा असतेच. तिच्यात रिव्हनट (रिव्हेटसारखे एकाच बाजूने बसवायचे आटेवाले नट) बसवलेत तर आरपार जावं लागणार नाही. नळीचा पत्रा पातळ असतो, नुसता स्क्रू त्यात आटे कापतो आणि थोड्या दिवसांत फिरायला लागतो. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र आले आणि पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनिअम झिजतं, म्हणून आट्यांना गंजरोधक पेस्ट लावा.

बसवण्यापूर्वी दांडा जागेवर धरून दार आणि स्लाइडआउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) उघडून-मिटून बघा. लाल हँडलच्या खिडकीसमोर काहीही नको, आगीत बाहेर पडायची वाट तीच. सगळं झालं की आईंच्या आधी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने प्रत्येक दांड्याला लोंबकळून बघावं. आवाज आला किंवा चकती हलली तर उघडून पुन्हा करा.

रिव्हनट बसवायचं हत्यार माझ्याकडे आहे. शनिवारी मराठी शाळेत घेऊन येतो, ट्रेलर तिथे आणता आला तर दाराचं काम दोघं मिळून करू.