मदत हवी आहे : तीन लाख रुपये, सहा बायका – कर्जाऊ द्यावेत की देऊनच टाकावेत?

नमस्कार मंडळी,

आई मागच्या वर्षी गेली. तीसेक वर्षं तिने मंडईबाहेर बसून भाजी विकली. पोस्टातल्या ठेवी मोडल्यावर तीन लाख रुपये निघाले. जायच्या आधी एवढंच म्हणाली होती, की हे आपल्या वस्तीतल्या बायकांच्या कामी लाव. वस्ती पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावरची. मी तिथेच वाढले, आता सिंहगड रोडला राहते.

आईच्या बचत गटातल्या बायकांनी मला सहा नावं दिली. या सहाजणी गटात होत्या, पण महिन्याचे २०० रुपये भरणं होईना म्हणून बाहेर पडल्या. त्यांतल्या एकीकडे गेले होते. तिने तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तीन फायनान्सची तीन हप्त्यांची कार्डं, तांदळाची पांढरी पूड लागलेली. एकाचा हप्ता भागवायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं. मंगळवारी वसुली असते आणि एकत्र कर्ज घेतलेल्या बायकांत एकीचे पैसे कमी पडले की बाकीच्यांना उठू देत नाहीत. गेल्या महिन्यात तिने सिलिंडर शेजारणीकडे ठेवून पैसे उभे केले आणि आठ दिवस चुलीवर रांधलं.

मला आईच आठवली. मार्केट यार्डात जाण्याआधी ती उचल घ्यायची : सकाळी ९० हातात, संध्याकाळी १०० परत. शाळेत व्याज शिकल्यावर मी हिशोब करून सांगितलं, की आई, हे दिवसाला अकरा टक्के झाले. ती म्हणाली, "ठाऊक आहे गं. पण उद्याची मेथी कशाने आणू?"

गटातल्या मावशींचं म्हणणं, पैसे कर्जाऊच दे. फुकटच्या पैशाला किंमत राहत नाही, आणि परत आले तर आणखी चौघींना देता येतील. म्हणणं रास्त आहे. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावातल्या ४२ जणांना स्वतःच्या खिशातून २७ डॉलर उसने दिले, त्यातूनच पुढे १९८३ मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणारी त्यांची ग्रामीण बँक झाली. आपल्याकडचे गटही नाबार्डने १९९२ पासून बँकांना जोडले ते याच विश्वासावर. आईला त्या गटाने सावकारापासून सोडवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी अशाच छोट्या कर्जांची केलेली पाहणी वाचली आणि अडखळले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा थोडा वाढला, पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. या सहाजणींचा तर धंदाच नाही. त्यांच्या डोक्यावर चौथं कार्ड ठेवायला हात धजत नाही.

म्हणून माझ्या मनात आहे, की प्रत्येकीचं ५०,००० पर्यंतचं कर्ज फेडून टाकावं आणि तिला मोकळं करावं. हे बरोबर आहे का? गरीब देशांतल्या अशा योजनांचा कुणाचा अभ्यास असेल तर सांगा. पैसे एकदाच आहेत.

प्रतिसाद – रानजाई

ताई, कर्ज फेडून थांबू नका, कळकळीने सांगते. भारतात आणि फिलिपिन्समध्ये बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांवर हा प्रयोग झालाय. त्यांचं सावकाराचं देणं पूर्ण फेडलं. बहुतेक जण सहा आठवड्यांत पुन्हा कर्जात. माणसं उधळी नव्हती, पण मूल आजारी पडलं की हाताशी दुसरं काहीच नसतं.

तुम्हाला हवं आहे ते ब्रॅकचं काम. बांगलादेशातल्या या संस्थेच्याच लक्षात आलं, की सगळ्यांत गरीब बायकांपर्यंत कर्ज पोचतच नाही. २००२ पासून त्यांनी अशा बायकांना परतफेडीशिवाय गाय किंवा शेळ्या दिल्या. ती विकून खावी लागू नये म्हणून काही महिने घरखर्चाला पैसे, जोडीला शिक्षण, बचतीची सवय, आणि नेमाने घरी येऊन विचारपूस. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू या सहा देशांत हे करून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी बायकांचं खाणंपिणं आणि मिळकत सुधारलेलीच होती.

प्रतिसाद – गुलटेकडी

फुकटच्या पैशाला किंमत नसते, हे मावशींना पटलेलं असलं तरी केनियात उलटं दिसलं. तिथे विनाअट रोख रक्कम दिली, दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. घरांवर पत्रे आले, गुरं आली.

मात्र वस्तू जपून निवडा. होंडुरासमध्ये कोंबड्या दिल्या, त्या रोगाने मेल्या आणि तिथला फायदा बराचसा गेला. आपल्याकडे शिलाई मशीन वाटतात आणि त्यावर कपड्यांचा ढीग पडतो, कारण काम आणून देणारं कुणी नसतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मावशींना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घरी येऊन विचारपूस करायचं काम आमच्याकडे दे, त्याला पैसे लागत नाहीत."

तर आता असं ठरतंय : सहाऐवजी आधी तिघी. प्रत्येकीला धंद्याचं सामान, सहा महिने घरखर्चाला थोडे पैसे, आणि दवाखान्यासाठी तिच्याच नावावर वेगळी ठेव. कार्डंवाल्या बाईचं सगळ्यांत महागडं एक कर्ज मात्र मी फेडणार आहे. ते अभ्यासात बसत नसलं तरी चालेल, मंगळवार आला की ती जेवत नाही.

दोन गोष्टी अजून हव्यात. तिघींपैकी एकीला भाजीची गाडी लावायची आहे, तर नव्या बाईला फेरीवाला प्रमाणपत्र सध्या मिळतं का? ते नसताना गाडी उचलून नेली तर पैसे बुडाले. दुसरीला पोळ्या उत्तम येतात. सिंहगड रोड, धायरी भागात रोजच्या पोळ्या घेणारी मेस किंवा डबेवाल्या ताई कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रोजच्या १०० पोळ्यांची खात्री मिळाली, तरच मोठा तवा आणि शेगडी घेणार आहे.