बुलेटची ॲल्युमिनियम कव्हरं पॉलिश करायच्या आधी घासायला काय वापरू?

जुनी_बुलेट_सातारा
बाबांची बुलेट ३५० परत रस्त्यावर आणतोय. इंजिनची दोन्ही कव्हरं, टायमिंगचं आणि प्रायमरीचं, पार कळकट झालीयेत, पांढरे डाग आणि मधेमधे नखाला लागतील असे खड्डे. गॅरेजवाला म्हणतो ड्रिलला वायर ब्रश लाव, शेजारचे काका म्हणतात तारेची घासणी घे, हार्डवेअरवाल्याने ८० नंबरचा पॉलिश पेपर हातात दिला. घाई अजिबात नाही पण कव्हरांची वाट लागायला नको, आणि घरात लहान बाळ आहे त्यामुळे पावडर उडालेली पण नकोय. सुकं घासू का पाणी लावून?

बफवाला_भोसरी
वायर ब्रश आणि तारेची घासणी दोन्ही नको दादा. ॲल्युमिनियम मऊ, लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात, पॉलिश केल्या केल्या मस्त दिसतं आणि पावसाळा लागला की तिथेच तांबूस ठिपके येतात आणि आजूबाजूचा धातू खायला लागतो. ८० नंबर पण परत करा, नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत, त्याच्या रेघा काढता काढता जीव जाईल.

आधी वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, आहे का बघा. कोपऱ्यात जरासं ब्रासो (पितळ चकचकीत करायचं पॉलिश) लावून सुती फडक्याने चोळा, फडकं काळं पडलं तर उघडा धातू, नाही पडलं तर वर कोटिंग आहे. लॅकर पेंट रिमूव्हरने उतरवा, पेपरने काढायला गेलात तर पेपर नुसता भरतो. हातमोजे घालून, अंगणात, बाळाला आत ठेवून.

मग वॉटर पेपर, तो काळा, सिलिकॉन कार्बाइडचा, गाड्या रंगवणारे वापरतात तोच. खड्ड्यांवर ३२० किंवा ४००, बाकी ठिकाणी ६०० पासून सुरू केलं तरी चालतं. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका, पेपर त्यात भिजू द्या. ४०० आडवा मारला तर ६०० उभा मारायचा, आडव्या रेघा सगळ्या जाईपर्यंत ८०० ला हात लावायचा नाही. पुढे १०००, १५००. दर नंबरला कव्हर धुवा आणि पाणी बदला, ४०० चा एक कण १००० खाली राहिला की परत मागे जावं लागतं. कानाकोपऱ्यात मरून रंगाची स्कॉच-ब्राइट, म्हणजे नायलॉनची घासणी, मग तीच ग्रे रंगाची, जास्त बारीक.

रायडर_नगर
एवढं कशाला, कॉस्टिक सोड्यात बुडवा, दहा मिनिटात साफ.

लेथ_आणि_मी
कृपया नका करू हे, कळकळीने सांगतोय. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो, हायड्रोजन निघतो, वर काळपट थर येतो आणि अंगावर उडालं तर कातडी जाते.

बेंच ग्राइंडरवर पण धरू नका. साध्या दगडात ॲल्युमिनियम भरून बसतं, दगड तापतो आणि फुटू शकतो. शिवाय त्या ग्राइंडरखाली लोखंडाचा गंजका भुगा साठलेला असतो, त्यात ॲल्युमिनियमची बारीक पावडर मिसळली आणि ठिणगी पडली तर भडका उडतो, पाण्याने विझत नाही असा. रेतीचं ब्लास्टिंग पण टाळा, ती धूळ छातीत गेली की सिलिकोसिस, हा फुफ्फुसांचा आजार, त्याला इलाज नाही.

म्हणून पाणी लावूनच, हातानेच. धूळ उडत नाही. फक्त तो करडा चिखल झाकण लावलेल्या डब्यात भरून ठेवू नका, ओल्या ॲल्युमिनियमच्या पावडरीतून हायड्रोजन सुटत राहतो. फडक्याने पुसून, उघड्यावर वाळवून टाका.

जुनी_बुलेट_सातारा
ब्रासोने फडकं काळं झालं, म्हणजे लॅकर नाही. कव्हरं गाडीवरच ठेवून घासली तर?

बफवाला_भोसरी
काढूनच घासा. प्रायमरीचं मधल्या एका नटावर बसलेलं असतं, तेल काढायची तयारी ठेवून खोला. सील आणि गॅस्केट बसते त्या आतल्या कडेला पेपर अजिबात लावू नका, ती कड गोल झाली की तेल गळणार. बसवायच्या आधी आतून केरोसिनने धुवा, स्क्रूच्या भोकांत ब्रश फिरवा, पेपरचा कण तेलात जायला नको.