कव्हर लेटर एआयकडून लिहून घेतलं, आता सोमवारी भेटायला बोलावलंय

दुधनाकाठची

शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, पण शेवटी उत्तर द्या.

मी सेलू तालुक्यातली. संभाजीनगरला पाच वर्षांच्या लॉला आहे, चौथं वर्ष. एकूण वीस आठवडे इंटर्नशिप लागते, माझे आठ झालेत. त्यातले चार परभणीत एका वकिलांकडं काढले, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानासमोर काढले म्हणा. एका दमात चार आठवड्यांच्या वर चालत नाही, त्यामुळं दर सुट्टीत नवा दरवाजा आणि नवं पत्र.

यंदा खंडपीठात जमिनीची कामं करणाऱ्या ऑफिसात जायचं डोक्यात होतं. त्याला कारण घरचंच आहे. माझे पणजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायचे. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीत, त्यांचं नाव आहे, पुढं कुठल्यातरी फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, ते गळालं, आणि तेव्हापासून आमच्या घरी सणांपेक्षा तारखा जास्त. आबांना मोतीबिंदू होता, म्हणून सातवी-आठवीपासून ते मला तहसीलला सोबत न्यायचे. तलाठ्याचं अक्षर वाचायला मी तिथं शिकले. शाळेतल्या बाईंचं अक्षर मला त्यापुढं छापील वाटायचं.

इंग्रजी वाचते, पण लिहायला बसलं की पहिलं वाक्यच तीन वेळा खोडते. म्हणून एआयला मराठीत टाकलं: पणजोबा कूळ होते, केस चालू आहे, जमिनीच्या कामात रस आहे, वकिलांना पाठवायला भारी इंग्रजी पत्र लिही. दहा सेकंदात पानभर आलं. वाचून मलाच माझा आदर वाटला. रात्री पावणेबाराला सहा ऑफिसांना पाठवून दिलं आणि झोपले.

गुरुवारी जालना रोडच्या एका चेंबरमधून फोन. "कूळ कायद्याचं लिहिणाऱ्या तुम्हीच ना? सेलूच्या? सोमवारी साडेचारला या."

मग पत्र नीट उघडलं. त्यात लिहिलंय की मी कूळ कायद्यावर 'सखोल संशोधन' केलंय. कोणत्या कायद्यावर? १९४८ च्या! वर कलम ३२-ग सुद्धा. अहो, तो आमच्याकडं लागतच नाही. आमच्या स्वतःच्या केसच्या अर्जावर ठळक अक्षरात 'हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०' लिहिलेलं आहे. ते मी लहानपणापासून बघायलेय, आणि माझ्याच सहीच्या पत्रात ते चुकलं.

आता सांगा. जाऊ का? गेले तर आधीच सांगू, का विचारलं तरच? का गपगुमान दोन दिवसांत १९४८ चा पाठ करून जाऊ?

बॅकबेंचर_नांदेड

कामून टेन्शन घ्यायलीस? सगळेच करायलेत. कोण वाचतंय पत्र. बिनधास्त जा.

एक सांगतो पण. आमच्या बॅचच्या तिघांनी एकाच रात्री एकाच ऑफिसला पत्रं पाठवली. तिघांची पहिली ओळ काना-मात्रेसकट सेम. तिघांनाही 'लहानपणापासून न्यायाची ओढ'. त्यातला एक तर माझा रूममेट आहे, त्याला मेसच्या वरणाशिवाय कशाची ओढ मी पाहिली नाही. तिघंही घरीच बसले. तू निदान एकटी आहेस.

काळाकोट_लातूर

वकिली चौदा वर्षं, त्यामुळं थोडं लांबेल.

पत्र एआयकडून लिहून घेतलंस याचं मला काहीच नाही. आमच्या वेळी नेट कॅफेवाल्याकडं एक नमुना अर्ज असायचा, नाव बदलून पंधरा रुपयांत प्रिंट. माझ्या एका मित्राच्या अर्जात आधीच्या मुलीचं नाव तसंच राहिलं होतं, आणि तो ते घेऊन मुलाखतीला गेला होता. उसनं इंग्रजी ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे.

खोट दोन ठिकाणी आहे. एक 'सखोल संशोधन'. ते तू केलेलं नाहीस आणि खाली सही तुझी आहे. दुसरं ते १९४८. मशीन कुठं घसरलं ते समजून घे, कारण हे तुला पुढं रोज भेटणार आहे. महाराष्ट्रात कूळ कायदा एक नाही, तीन आहेत. १९४८ चा मुंबईचा, तो पश्चिम महाराष्ट्राकडं. १९५८ चा विदर्भाचा. आपण मराठवाडावाले १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, म्हणून आपला १९५० चा हैदराबादचा. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, पण कायदा सोबत घेऊन गेलो. कुळाला जमिनीची मालकी मिळण्यासाठी तिकडं ३२-ग म्हणतात, इकडं माणसं ३८-ई साठी भांडतात. एआयला कूळ म्हटलं की जास्त लिहिलं गेलेला कायदा आठवतो, आणि जास्त लिहिलं गेलंय ते तिकडचं. आपला तालुका सांगितला असतास तरी बरोबर आलं असतं याची हमी मी देणार नाही.

असंच ४८२ चं. १ जुलै २०२४ च्या आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हटलं की हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून मागायचा तो अर्ज. आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता, आणि जुनं ४८२ गेलं ५२८ ला. माझ्या ज्युनिअरनं एआयकडून मसुदा करून आणला, त्यात वर नवा कायदा आणि आत जुन्या कलमाची मागणी. वाचायला इतकं गुळगुळीत की माझीही नजर एकदा वरून सरकली.

२०२३ ला न्यूयॉर्कमध्ये अवियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले निकाल कोर्टात दिले, पाच हजार डॉलर दंड बसला. तेवढं लांब कशाला, २०२५ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. इंटर्नचं पत्र चुकलं तर तिची एक सुट्टी जाते. याचिका चुकली तर सही माझी असते. म्हणून पत्रातली चूक बघून वकील घाबरतो, तुझ्यावर रागवत नाही.

आता तुझं. जमिनीची कामं करणाऱ्या माणसाला सेलूच्या मुलीच्या पत्रातलं १९४८ दिसलं नसेल असं वाटतं का तुला? दिसूनही बोलावलं का, ते मला कळत नाही. पण शनिवारीच फोन कर. लांबण लावू नको. 'सर, पत्र एआयकडून लिहून घेतलं आणि न वाचता पाठवलं. कायदा चुकलाय, १९५० चा हवा होता. संशोधन काही नाही, घरची केस आहे, तिचे कागद मी वाचते.' एवढंच. रडू नको, आणि इंग्रजीत तर मुळीच बोलू नको.

चेंबरचा_क्लार्क

वरच्या वकीलसाहेबांचं कायद्याचं बरोबर असंल. मी बावीस वर्षं फाइली उचलायलोय, मी कामाचं सांगतो.

ताई, तिथं तुम्हाला संशोधन कोणी देणार नाही. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी काढायची, पान नंबर टाकायचे, इंडेक्स लावायचा, ऑफिस ऑब्जेक्शन म्हणजे कोर्टाच्या ऑफिसनं काढलेली त्रुटी निघाली की ती काढायला पळायचं. अन् जमिनीच्या मॅटरमध्ये एक काम कोणालाच नको असतं, ते म्हणजे भाषांतर. सातबारा, फेरफार, पंचनामा सगळं मराठीत, त्याला इंग्रजी जोडावं लागतं. शहरातली पोरं इंग्रजी फाडफाड बोलतात, पण हातानं लिहिलेला फेरफार समोर ठेवला की पान उलटं धरतात.

मागच्या साली एकानं फोटो काढून मशीनकडून करून आणलं. 'पोटखराब शून्य हेक्टर बारा आर', म्हणजे शेतातली लागवडीस अयोग्य जागा, तर त्याचं इंग्रजीत पोट बिघडलं होतं. कुळाचं घराणं झालं होतं. साहेब हसले, मग पोराला घरी पाठवलं. भाषांतर चुकलं म्हणून नाही, पक्षकाराचे कागद कोणाला न विचारता मोबाइलवरनं बाहेर पाठवले म्हणून. वकिलाला पक्षकाराची गोष्ट बाहेर सांगता येत नाही, अन् साक्ष अधिनियमात ते बंधन क्लार्कलाही आहे, नव्या कायद्यात कलम १३२. साहेबांनी मला ते टेबलाच्या काचेखाली लावून दिलंय.

तुम्हाला तलाठ्याचं अक्षर वाचता येतं हे पत्रात लिहिलं होतं का? नसंल तर ते सांगा.

दुधनाकाठची

नव्हतं लिहिलं. मी एआयलाही सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं काही असतं असं वाटलंच नाही.

दुधनाकाठची

मंगळवार. झालं ते सांगते.

शनिवारी फोन केला, तो तिथल्या चेंबरच्या क्लार्ककाकांनी उचलला. म्हणाले, सर कोर्टाच्या कामात नाहीत पण घरी पाहुणे आहेत, सोमवारीच बोला. म्हणजे दोन रात्री पुन्हा तेच.

सोमवारी आत गेले आणि बसायच्या आधीच काळाकोट सरांनी दिलेली तिन्ही वाक्यं म्हणून टाकली. सर माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कसलं पत्र?"

त्यांनी वाचलंच नव्हतं! क्लार्ककाकांनी 'टेनन्सी' आणि 'सेलू' हे दोन शब्द पाहून माझं नाव वर ठेवलं होतं, कारण सेलू-जिंतूरकडचं एक मॅटर आलंय. बॅकबेंचर, तू अर्धा बरोबर निघालास, माजू नको.

मग त्यांनी पत्र मागवलं आणि माझ्यासमोर पूर्ण वाचलं. हे सगळ्यात वाईट. पेन्सिलनं १९४८ भोवती गोल केला आणि विचारलं, ३८-ई काय आहे? ते मला झोपेत उठवलं तरी येतं, संरक्षित कुळाला मालकी. पुढं विचारलं, त्याचं प्रमाणपत्र असूनही फेरफारात नाव नाही असं कधी होतं? म्हटलं, आमच्या घरी झालंय. तेव्हा पहिल्यांदा खुर्ची दाखवली.

चार आठवडे मिळालेत. स्टायपेंड नाही, दुपारचा चहा आहे. आबांना फोन केला तर म्हणाले, आपली फाइल घेऊन जा की त्यांच्याकडं. त्यांना समजावता समजावता बॅलन्स संपला.

पहिल्या दिवशी अकरा फेरफार हातात दिले, भाषांतराला. मोबाइल बॅगेत ठेवायचा, एखाद्या शब्दाला इंग्रजी अडलं तर तेवढा शब्द बघायला हरकत नाही, कागद मात्र टेबल सोडून जाणार नाही. आणि टाइप करायच्या आधी मूळ मराठी मोठ्यानं वाचून दाखवायचं. आठ झाले. नवव्यात शाई उडालीय.

इथले क्लार्क काका, तुम्हालाच विचारते. पोटखराबला इंग्रजीत काय लिहायचं? तुमच्याकडं काय चालतं?

चेंबरचा_क्लार्क

पोटखराब असंच ठेवायचं, फक्त इंग्रजी अक्षरात, अन् पुढं लागवडीस अयोग्य असं इंग्रजीत. पण आधी वर्ग बघा. अ असंल तर खडक, नाला असली जमीन. ब असंल तर रस्ता नाहीतर सार्वजनिक कामाला ठेवलेली. वर्ग लिहायचा राहिला तर साहेब कागद परत फेकतात.

नवव्याला उन्हात धरा, मागनं अक्षर उमटलेलं दिसतं.