पद्मिनी: घाट चढते, पण चहाला थांबलं की सुरू होत नाही

वाईकर_८६
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पुणे-वाई येणंजाणं तिच्यातूनच. उन्हाळ्यात खंबाटकी बिनतक्रार चढते. वर चहाला थांबलो की संपलं. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. टेम्परेचरचा मीटर वेगळा बसवलाय, ९० च्या पुढे जात नाही. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर रॉडिंग केला, वॉटर पंप बदलला. फरक शून्य. आता म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडू. उघडू द्यावं का?

घाटातली_जीप
पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टाका आणि विषय संपवा. माझ्या जुन्या जीपला तेच केलं.

लालबागचा_फिटर
हेडला हात लावू देऊ नका. मीटर ९० वर, पाणी उसळत नाही, म्हणजे इंजिन तापतच नाहीये. तापतंय ते बॉनेटखालचं पेट्रोल. हे दोन आजार वेगळे आहेत आणि निम्मी गॅरेजं एकाचं औषध दुसऱ्याला देतात. आमच्या काळ्या-पिवळ्या फियाट सीएनजीवर गेल्या तेव्हा पेट्रोलची वाफ होण्याचा प्रश्न एका झटक्यात मिटला, रेडिएटर उकळायचे ते उकळतच राहिले. यावरून काय ते समजा.

गाडी चालू असते तेव्हा पंखा वारा देतो आणि मागच्या टाकीतून गार पेट्रोल येत राहतं. चावी बंद केली की दोन्ही थांबतं, आणि ब्लॉकची, एक्झॉस्टची धग वर चढते. म्हणून तुमची गाडी घाटात नाही, चहाच्या टपरीवर अडते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशालाच उडायला लागतात. त्यात आता इथेनॉल. ते एकटं ७८ अंशाला उकळतं, म्हणून लोकांना वाटतं की मिसळल्यावर पेट्रोल उडायचं कमी होईल. होतं उलटं, पेट्रोलच्या सोबतीत ते बरंच आधी उडतं.

पण पेट्रोलला दोष देण्याआधी करंट बघा. गरम झाल्यावर ठिणगीला करंट पुरवणारी कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो आणि गार झाल्यावर शहाण्यासारखा चालतो, लक्षणं अगदी हीच. पुढच्या वेळी अडली की आधी प्लग काढून बॉडीला टेकवा, पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहून, आणि ठिणगी निळी-जाड आहे का बघा. टाकीचं झाकणही उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय.

करंट ठीक असेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघा. विडी-सिगारेट लांब. अॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोलची धारच येत नसेल, घसा कोरडा असेल, तर एसी पंपात, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपात, वाफ कोंडलीय. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. पंपावर ओलं फडकं टाका, सुरू होईल. घसा ओला आणि वास नाकात जाणारा असेल तर गोष्ट वेगळी, मग परत इथे लिहा.

आणि थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो काढणं हे निदान न जमलेल्या मेकॅनिकचं पहिलं काम.

वाईकर_८६
काका, रविवारी परत अडली. करंट निळा, झाकण ठीक. घसा ओला चिंब! पेट्रोल थेंबथेंब खाली पडत होतं. फडक्याने काही झालं नाही.

लालबागचा_फिटर
मग कोरडी नाही, बुडालेली आहे. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल खालच्या उष्णतेने उकळतं आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, इंजिनकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळीत सांडतं. पेट्रोल जास्त झाल्याने इंजिन पकडत नाही, आणि अर्ध्या तासात ते उडून जातं म्हणून सुरू होते. अशा वेळी चोक नको, पायाने पंपिंग नको. अॅक्सिलरेटर तळाला दाबून तसाच धरा आणि स्टार्टर मारा, हवा जाऊन पकडेल. पकडली की पाय सोडा.

कायमचं काम कार्बोरेटरच्या खाली आहे. तिथलं धग अडवणारं जाड बेकेलाइटचं पॅकिंग शाबूत आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत कुणीतरी ते फोडून कागदी पॅकिंग बसवलेलं असतं. एक्झॉस्ट आणि वाटीच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा लावा, कशालाही न टेकता. वाटीतल्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) लेव्हल आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल वॉल्व्ह तपासा. वॉल्व्ह झिजला असेल तर पाइपातलं गरम पेट्रोल फुगून वाटीत घुसतं. त्याच फेरीत रबरी होज इथेनॉलला चालणारे घ्या, ३०आर९ छापलेले. जुने आतून सुटतात आणि जेट बुजवतात.

जीपवाल्या भाऊंचा इलेक्ट्रिक पंप कोरड्या गाडीला उत्तम, मागून ढकलतो म्हणून वाफ धरत नाही. तुमच्या गाडीला नको. दाब जास्त झाला तर नीडल उचलला जाईल आणि आणखी सांडेल, तेही तापलेल्या एक्झॉस्टशेजारी.

घाटातली_जीप
मान्य. माझी कोरडीच पडायची.

वाईकर_८६
पॅकिंग कागदीच निघालं. बेकेलाइटचं कुठे मिळेल?

लालबागचा_फिटर
जुन्या फियाटचे पार्ट ठेवणाऱ्यांकडे विचारा. नाही मिळालं तर जुनं पॅकिंग नमुन्याला देऊन बेकेलाइटच्या शीटमधून लेथवाल्याकडून कापून घ्या, भोकं जुळवून. स्टड पुरेसे लांब आहेत ना ते आधी मोजा.