मदत हवी आहे: खडकचक्रात जांभा कुठे बसवायचा?

रत्नागिरीजवळच्या गावात राहतो. मुलगी सहावीत आहे, शाळेसाठी खडकचक्राचा, म्हणजे एका प्रकारच्या खडकाचा दुसरा कसा होतो त्याचा, तक्ता करतेय. चित्रांऐवजी खरे दगडच चिकटवायचे असा तिचा हट्ट आहे. मला तो फार आवडला, त्यामुळे दोन रविवार आम्ही दगड गोळा करतोय.

आंबा घाटातून बेसाल्ट आणला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे अग्निजन्य. शहाबादी फरशीचा तुकडा घरातच होता. चुनखडक, म्हणून स्तरित. चुनखडकच खोलवर उष्णतेत आणि दाबाखाली सापडला की संगमरवर होतो, तो रूपांतरित. इथवर ठीक.

अडलंय जांभ्यापाशी, आमच्याकडच्या तांबड्या दगडापाशी. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या ठोकळ्यांचं, सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, जांभा, आणि नेमका तोच तिन्ही चौकटींत बसेना. मुलगी म्हणते, खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, टिकावाने तासता येतो, मग उन्हावाऱ्यात कडक होतो. रूप बदललं म्हणजे रूपांतरित. मला पटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

शेजारी विहीर खोदली तेव्हा वर जांभा, खाली पांढरट-पिवळी चिकणमाती, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा कुजका दगड आणि तळाला काळा कातळ लागला. एक थर कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, कळतच नव्हतं. जांभा त्या कातळातूनच झाला का? तसं असेल तर गाळ वाहून आला नाही, साचला नाही, मग स्तरित तरी कसा म्हणू?

प्रतिसाद: विहिरीतला क्रम तुम्ही अगदी नेमका टिपलात. हो, जांभा त्या कातळातूनच झालाय. उष्ण हवा आणि धो धो पाऊस असला की पाणी दगडातला सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हळूहळू विरघळवून नेतं. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. तांबडा रंग लोहाचा. चिकणमाती ही मधली पायरी. हे सगळं जमिनीच्या पृष्ठाजवळ, जागच्या जागी घडतं, म्हणून तो रूपांतरित नाही. चिरा कडक होतो तो वाळताना त्यातली लोहसंयुगं घट्ट होतात म्हणून.

तक्त्यात अग्निजन्य खडकापासून गाळाकडे जाणारा विदारणाचा, म्हणजे ऊन-पावसाने दगड कुजण्या-झिजण्याचा, बाण असेल. जांभा चौकटीत नको, त्या बाणावर लावा. मुलीला हेही सांगा: फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने 1807 साली मलबारमधल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ म्हटलं, ‘लेटर’ या लॅटिन शब्दावरून. अर्थ वीट. आपण त्याचेच चिरे काढतो.

धागाकर्ता: मनापासून आभार! बाणावर लावला. आता तिचा पुढचा प्रश्न: पावसात आमच्या खाडीला जी तांबडी माती वाहून जाते, तिचा पुन्हा खडक होईल का?

प्रतिसाद: होऊ शकतो. ती तळाशी साचली, वर आणखी थर चढले, दाबाने पाणी निघून कण एकमेकांना चिकटले, तर स्तरित खडक. लाखो वर्षं लागतील. तिला म्हणावं, दुसरा बाण काढ.